घरात मोझॅक लावताय? आधी सांधे ठरवा, मग टाइल

ठाण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हा मी दुकानात निळ्या काचेच्या मोझॅकवर भाळले. दिव्याखाली ते बारके चौकोन असे चमकत होते, की न्हाणीघराची एक भिंत याचीच करायची, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ग्राउट (टाइलमधल्या सांध्यांत भरायचा माल) कुठलं, चिकटवायचं कशाने, लावणार कोण, यातलं काहीच विचारलं नाही. वर्षभरात त्या भिंतीवर निळी काच दिसेनाशी झाली आणि काळपट सांध्यांची जाळी तेवढी उरली. ती भिंत फोडून पुन्हा केली. त्या दोन वेळांमध्ये जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक हिशोब. तुकडा २० मिमीचा आणि सांधा २ मिमीचा असेल, तर भिंतीचा सुमारे १७ टक्के भाग निव्वळ ग्राउटचा असतो, म्हणजे सहाव्या हिश्शाहूनही थोडा जास्त. हाच सांधा ३०० मिमीच्या टाइलला ठेवला, तर ग्राउटचा वाटा दीड टक्काही भरत नाही. दुकानदार तुम्हाला काच दाखवतो, पण तुम्ही विकत घेताय ते सांध्यांचं काम. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली, की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

१. आधी नेमकं काय हवंय ते ओळखा

आपल्याकडे 'मोझॅक' या एका शब्दात तीन वेगवेगळ्या वस्तू येतात. दुकानात गेल्यावर गोंधळ होतो तो इथेच.

पहिली, मोझॅक लादी. सिमेंटमध्ये संगमरवराचे खडे घालून दाबलेली, बसवल्यावर मशिनने घासून चकचकीत केलेली. चाळीत, सरकारी वसाहतीत, शाळेच्या वर्गात आपण जिच्यावर वाढलो ती. मुंबईत भारत टाइल्ससारखी कंपनी १९२२ पासून सिमेंटच्या लाद्या बनवते आहे. हल्ली याच प्रकाराला 'टेराझो' म्हणतात आणि नाव बदललं की भावही बदलतो.

दुसरी, शीट मोझॅक. काचेचे, सिरॅमिकचे किंवा दगडाचे बारके तुकडे जाळीवर किंवा कागदावर चिकटवून साधारण फूटभर लांबी-रुंदीच्या शीटमध्ये मिळतात. न्हाणीघराच्या भिंती, ओट्यामागची पट्टी, पोहण्याचे तलाव हे तिचं काम.

तिसरी, चायना मोझॅक. पांढऱ्या ग्लेझ्ड टाइलचे फुटके तुकडे सिमेंटच्या मालात दाबून बसवलेले, मुख्यतः गच्चीवर. गोव्यातल्या जुन्या घरांमध्ये तर असल्याच तुकड्यांच्या रंगीत नक्षीच्या जमिनी अजून पाहायला मिळतात.

शिवाय एक चौथी वस्तू आहे, तिला मी मोझॅक म्हणत नाही, पण विक्रेते म्हणतात. ती म्हणजे मोठ्या टाइलवर छापलेलं मोझॅकचं चित्र. ती वाईट नसते. सांधे कमी, पुसायला सोपी, स्वस्तही. पण तिचे 'सांधे' हे नुसते कोरलेले खोबण असतात, आणि जिथे दोन टाइल जुळतात तिथे नक्षी हमखास अर्धा सूत चुकते (एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच). ती घ्यायचीच असेल तर जाणूनबुजून घ्या.

२. जागा ठरवा, आणि कमी जागा ठरवा

काचेचं मोझॅक चारही भिंतींना लावलेलं न्हाणीघर पहिले आठ दिवस छान वाटतं. नंतर डोळ्यांना विसावा मिळत नाही. एक भिंत, एखादा कोनाडा, आरशामागची पट्टी, एवढ्यात काम भागवा आणि बाकी साधी टाइल लावा. खर्चही आटोक्यात राहतो आणि पुसायचे सांधेही.

जमिनीला गुळगुळीत काच लावू नका. पण शॉवरखालच्या जागेत २५ किंवा ५० मिमीचं मॅट सिरॅमिक मोझॅक मला मोठ्या टाइलपेक्षा चांगलं वाटतं. सांधे जास्त असल्यामुळे पायाला पकड मिळते. शिवाय न्हाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जायच्या तोंडाकडे, चारही बाजूंनी उतार द्यायचा तर मोठी टाइल तिरकी कापावी लागते, बारके तुकडे मात्र उतारासोबत आपसूक वळतात. उतार दर फुटाला एक सूत इतका तरी हवा. मिस्त्रीला 'थोडा उतार दे' असं सांगू नका, 'पाच फुटांना पाच सूत' असं सांगा. न्हाणीतलं पाणी साचलं की मोझॅक कितीही महागाचं असो, सांधे काळे पडणारच.

ओट्यामागे लावायचं असेल तर फोडणी डोळ्यांसमोर आणा. गॅसच्या मागचा तीन फुटांचा भाग हा तेलाचा आणि हळदीचा. साध्या सिमेंट ग्राउटमध्ये हळद एकदा शिरली की निघत नाही, फक्त फिकी होते. तिथे डाग न धरणारं एपॉक्सी ग्राउट लावा, नाहीतर तेवढ्या भागात एकसंध काच किंवा मोठी टाइल लावून मोझॅक बाजूला सरकवा. आम्ही दुसरा मार्ग घेतला आणि पस्तावलो नाही.

आरशाचे तुकडे असलेलं मोझॅक दमट जागेत घेऊ नका. कोकणपट्टीच्या हवेत त्यांची पाठ काळी पडायला लागते, आणि कडेपासून सुरू झालेला तो डाग आत सरकत जातो. संगमरवराचं शीट मोझॅक दिसायला देखणं, पण लिंबू, व्हिनेगर, न्हाणीघर धुवायचं ॲसिड, सगळ्यांनी त्याची चमक जाते. देवघराच्या भिंतीला चालेल, ओट्यामागे नको.

३. मोजमाप आणि शीटचा हिशोब

भाव विचारताना पहिला प्रश्न हा विचारा: दर शीटचा की चौरस फुटाचा? सगळी शीट एका मापाची नसतात. ३०० मिमीचं शीट म्हणजे जेमतेम ०.९७ चौरस फूट, ३२७ मिमीचं म्हणजे १.१५ चौरस फूट. दोन दुकानांतले 'शीटचे' भाव एकमेकांशी ताडून पाहिले तर तुम्ही फसणार.

आमची भिंत ५ फूट रुंद, ७ फूट उंच. ३५ चौरस फूट. कापकूप आणि मोडतोडीसाठी १० टक्के जादा धरले की ३८.५. याला ३२७ मिमीची ३४ शीट लागतात, ३०० मिमीची ४०. सहा शीटचा फरक! कोनाडा असेल तर त्याच्या आतल्या पाचही बाजू मोजा. मी पहिल्या वेळी फक्त मागची बाजू मोजली होती.

सगळा माल एकदम घ्या आणि प्रत्येक खोक्यावरचा बॅच नंबर व शेड नंबर जुळवून पाहा. चार शीट कमी पडली म्हणून महिन्याने आणलेला 'तोच' निळा रंग हा तोच निळा नसतो.

४. नमुन्याचं एक शीट घरी आणून छळा

विक्रेता नाखूश झाला तरी एक शीट विकत घेऊन घरी आणा. मग हे करा:

उजेडाच्या विरुद्ध धरून पाहा. काही काचेचा रंग आरपार असतो, काहींच्या फक्त पाठीवर रंगाचा थर दिलेला असतो. दुसरा प्रकार ओल्या जागेत जपून घ्या.

शीट २४ तास बादलीत बुडवून ठेवा. जाळीवरून तुकडे सुटून तळाशी बसले, किंवा पाठीचा रंग नखाने निघाला, तर तो माल न्हाणीघराचा नाही. (कागदावरच्या शीटचे तुकडे मात्र पाण्यात सुटणारच, त्याचा गोंद तसाच असतो. तिथे फक्त पाठीचा रंग तपासा.)

किल्लीने ओरखडा काढा. काचेच्या नावाखाली राळेचे, म्हणजे प्लॅस्टिकसारखे, तुकडे मिसळलेली शीट मिळतात आणि ती पहिल्याच घासणीत निस्तेज होतात.

दोन शीट शेजारी ठेवून आपल्या हाताने जुळवा. शीटमधला सांधा आणि दोन शीटमधला सांधा सारखा ठेवता येतोय का? कडेचे तुकडे वाकडे असतील तर भिंतीवर दर फुटाला एक रेघ दिसेल आणि ती कायम दिसेल.

५. ग्राउट आणि चिकट माल टाइलच्या आधी ठरवा

पहिल्या वेळी माझं सगळ्यात मोठं चुकलं ते हेच. मिस्त्री म्हणाला, "ताई, ग्राउट काय, मी आणतो." त्याने आणलेली पिशवी मी पाहिलीही नाही.

चिकट मालापासून सुरू करू. काचेमागे नेहमी पांढरं ॲडेसिव्ह हवं. राखाडी लावलं तर काचेतून ते दिसतं आणि निळा रंग मेलेला वाटतो. आमच्या पहिल्या भिंतीचं हेही एक झालं होतं. पिशवीवर आयएस १५४७७ हे मानक आणि वापराच्या यादीत 'ग्लास मोझॅक' असा स्पष्ट उल्लेख आहे ना, ते पाहा. काच पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोलाने ती धरून राहत नाही, पॉलिमर असलेलं ॲडेसिव्हच लागतं. 'आम्ही वीस वर्षं पांढऱ्या सिमेंटनेच लावतो' हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. नम्रपणे नाही म्हणा.

ग्राउट दोन जातींचं. सिमेंटचं स्वस्त, लावायला सोपं, पण पाणी आणि डाग शोषतं. एपॉक्सी महाग, राळ, हार्डनर आणि भुकटी एकत्र कालवून करतात, डाग धरत नाही, पण कालवल्यावर तासाभराच्या आत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, घट्ट व्हायला लागतं. न्हाणीघराच्या ओल्या भागात आणि ओट्यामागे मी एपॉक्सीच सांगेन. उन्हात येणाऱ्या जागी मात्र नको, कारण ते ऊन लागून पिवळं पडतं. सिमेंटचंच घेणार असाल तर वाळूचे कण नसलेलं, बारीक ग्राउट घ्या. खरखरीत ग्राउट काचेवर ओरखडे पाडतं.

आता रंग. पांढरा सांधा दुकानात स्वच्छ दिसतो आणि घरात सहा महिन्यांत कळकट होतो. काळा त्याहून फसवा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यावर पांढरे उमटतात. मधला राखाडी दोन्ही लपवतो. खात्री करायची असेल तर नमुन्याचं शीट प्लायवुडच्या तुकड्यावर चिकटवा, अर्ध्या भागात एक ग्राउट भरा, अर्ध्यात दुसरं, आणि ते न्हाणीघरात नेऊन तिथल्याच दिव्याखाली पाहा. तेच मोझॅक दोन वेगवेगळ्या वस्तूंसारखं दिसतं. माझी निवड या एका प्रयोगाने बदलली.

६. मिस्त्री निवडताना

साध्या लाद्या उत्तम बसवणारा मिस्त्री मोझॅक उत्तम बसवेलच असं नाही. त्याचं आधीचं मोझॅकचं काम प्रत्यक्ष जाऊन पाहा, फोनमधले फोटो पुरे नाहीत. पाहताना तिरका प्रकाश पाडा, मोबाईलचा टॉर्च भिंतीला लावून धरला की एकेक वर आलेला तुकडा सावली टाकतो. शीटच्या जोडावर रेघ दिसते का आणि कोपऱ्यात तुकडे कसे कापले आहेत, एवढं पाहिलंत तरी पुरे.

मजुरीचा दर साध्या टाइलपेक्षा जास्त असतो, आणि ते बरोबरच आहे. पण दरात ग्राउट भरणं धरलंय की नाही, एपॉक्सीचा वेगळा दर आहे का, कोनाड्याचे पैसे फुटावर की नगावर, हे लिहून घ्या. ठेकेदार ब्रासच्या भाषेत बोलला तर घाबरू नका, एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट.

७. कागदपत्रं आणि सामान

सोसायटीत राहत असाल तर हे आधी हातात ठेवा:

- कामाचा अर्ज आणि सोसायटीचं लेखी परवानगीपत्र, त्यात कामाच्या वेळा नोंदलेल्या
- हमीपत्र आणि अनामत रक्कम भरल्याची पावती (परत मिळवताना लागते)
- कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती, गेटवर देण्यासाठी
- राबिट (फोडकामाचा कचरा) कोण, कधी, कुठून उचलणार याची लेखी नोंद
- वॉटरप्रूफिंगवाल्याचं हमीपत्र, त्याच्या लेटरहेडवर, मुदतीसह
- मालाची बिलं, ज्यावर शेड आणि बॅच नंबर लिहून घेतलेले

न्हाणीघर फोडण्याआधी खालच्या मजल्यावरच्यांकडे जा आणि त्यांच्या छताचे फोटो त्यांच्यासमोर काढा. घरातल्या न्हाणीघराची आतली गळती ही त्या सदनिकाधारकाची जबाबदारी धरली जाते. नंतर 'हा डाग तुमच्यामुळेच' असा वाद झाला की ते फोटो कामी येतात. आमच्या खालच्या काकूंनी चहा दिला आणि तीन जुने डागही स्वतःच दाखवले.

सामान: दातेरी थापी, रबरी थापी, लेव्हल पट्टी, ओळंबा (उभी रेघ सरळ आहे ना ते पाहायला), गुण्या (काटकोन तपासायला), काच कापायचा चिमटा, बारीक डायमंड ब्लेड, स्पंज, दोन बादल्या, मास्किंग टेप. चष्मा आणि मास्क मिस्त्रीकडे नसतील तर तुम्ही आणून द्या. काचेची कणी डोळ्यात जाणं ही थट्टा नाही, आणि कापताना उडणारी धूळ छातीत बसते.

८. भिंत तयार करणं

मोझॅक भिंतीचं सगळं खरं सांगून टाकतं. मोठ्या टाइलखाली दोन सुतांचा फुगवटा लपतो, बारक्या तुकड्यांखाली तो दिव्यात लाटेसारखा दिसतो. म्हणून प्लास्टर ओळंब्यात आणि गुण्यात हवं, आणि ते दोन-तीन आठवडे तरी वाळू द्या. जुन्या टाइलवरच मोझॅक लावायचा मोह होतो. जुनी टाइल ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर ती काढाच.

वॉटरप्रूफिंग मोझॅकच्या मागे होतं, मोझॅकने होत नाही. ग्राउट, अगदी एपॉक्सीसुद्धा, म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. थर दिल्यावर न्हाणी ट्रॅप बंद करून पाणी साठवा, किमान २४ तास, जमलं तर ४८, आणि खाली जाऊन छत पाहून या. या दोन दिवसांत मिस्त्री 'दिवस वाया जातोय' म्हणून कुरकुर करेल. करू द्या.

९. लावण्याचा दिवस

सकाळी सगळी शीट जमिनीवर मांडून पाहा. वेगवेगळ्या खोक्यांतली शीट मिसळून घ्या, म्हणजे रंगातला बारीक फरक भिंतभर विखुरतो. कोपऱ्यात अर्धा तुकडा येणार असेल तर मधोमध रेघ मारून दोन्ही बाजूंना सारखं कापा.

कागदावरच्या शीटबद्दल एक इशारा. कागद तुकड्यांच्या दर्शनी बाजूला असतो, म्हणजे लावताना तो तुमच्याकडे राहतो. नवखा मिस्त्री कागद भिंतीकडे करून लावतो आणि महिन्याभरात सगळं गळून पडतं. ही गंमत नाही, मी एका नातेवाइकांकडे पाहिली आहे. लावून झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने कागद स्पंजने भिजवायचा, तो हलकेच खाली ओढून काढायचा, आणि सरकलेले तुकडे त्याच वेळी सरळ करायचे. जाळीची शीट सोपी, पण कायम पाण्यात राहणाऱ्या जागी, तलावात वगैरे, कागदाचीच घ्या, कारण जाळी आणि तिचा गोंद पकडीच्या आड येतो.

ॲडेसिव्ह दातेरी थापीने पसरा, तीन-चार मिमी, आणि मग थापीच्या सपाट बाजूने त्या रेघा दाबून टाका. आरपार काचेतून त्या रेघा दिसतात आणि माल सांध्यांतून वर येतो. एका वेळी तीन-चार शीटपुरतंच पसरा. शीट बसवल्यावर रबरी थापीने सारखं दाबा, आणि दर दोन शीटनंतर चार पावलं मागे जाऊन पाहा. वाकडं दिसलं तर अजून वेळ असतो.

१०. ग्राउट भरण्याचा दिवस

२४ तास थांबा. आधी सांध्यांत वर आलेलं ॲडेसिव्ह खरवडून काढा, नाहीतर तिथे ग्राउटचा थर पातळ बसतो आणि रंग डागाळतो.

एपॉक्सी भरताना घाई आणि धीर दोन्ही लागतात. एका वेळी दहा-पंधरा चौरस फूट, तेवढंच कालवायचं, तिरक्या हाताने भरायचं आणि लगेच ओल्या स्पंजने पुसायचं. काचेवर राहिलेला पातळ थर दुसऱ्या दिवशी दगड होतो. 'उद्या साफ करू' असं मिस्त्री म्हणाला तर तिथेच थांबवा. खडबडीत दगडाच्या मोझॅकवर आधी सीलर लावून घ्या, नाहीतर ग्राउट दगडाच्या भोकांत बसतं.

दोन भिंती मिळतात तो कोपरा आणि भिंत जमिनीला मिळते ती रेघ, इथे ग्राउट नको. भिंती किंचित हलतात आणि ग्राउट तिथे तडकतं. त्याच रंगाचं, बुरशी न धरणारं सिलिकॉन भरा. सिमेंट ग्राउट असेल तर सात दिवस शॉवर बंद. घरात एकच न्हाणीघर असेल तर या सात दिवसांची सोय काम काढण्याआधीच करून ठेवा.

११. घरात जुनी मोझॅक लादी असेल तर

फोडू नका. निदान एकदा घासून पाहिल्याशिवाय फोडू नका.

आमच्या दिवाणखान्यातली पिवळट लादी काढून व्हिट्रिफाइड टाका, असं तिघांनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आधी पलंगाखाली बघ." पलंगाखालची लादी पायांनी झिजली नव्हती, फक्त मळली होती, आणि तिच्यात हिरवे, काळे, पांढरे खडे होते. चाळीस वर्षं आम्हाला कुणालाच ते दिसले नव्हते!

या लादीचा वरचा खड्यांचा थर पाच-सहा मिमीचा असतो, म्हणून ती अनेकदा घासता येते. आधी नाण्याने ठोकत चाला. पोकळ वाजणाऱ्या लाद्या पुन्हा बसवून घ्या. मग सांधे आणि बारीक भोकं लादीच्या रंगात मिसळलेल्या सिमेंटने भरायची. जुन्या सांध्यांतला काळा मळ खरवडल्याशिवाय वरून भरलं, तर मशिन फिरताच ते उडतं. नंतर मशिनने पाणी टाकत ६०, १२०, ३२० अशा चढत्या नंबरच्या दगडांनी घासणं. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडच्या भुकटीने चमक. ही भुकटी विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

घासताना जी राड निघते ती न्हाणी ट्रॅपमध्ये ढकलण्याची सवय कामगारांना असते. ती राड म्हणजे सिमेंटच, पाइपात जाऊन बसते आणि मग प्लंबरचा खर्च पॉलिशएवढा होतो. ट्रॅप आधीच कापड आणि टेपने बंद करा, राड बादलीत भरून बाहेर न्यायला लावा. भिंतींवर फूटभर शिंतोडे उडतात, म्हणून रंगकाम नेहमी पॉलिशनंतर.

एखाद-दुसरी लादी फुटलेली असेल तर बाजारात जुळणारी शोधत फिरू नका. जुनं माप बहुतेक २५० मिमी चौरस आणि २२ मिमी जाड असतं, पण खड्यांचा रंग जुळत नाही. कपाटाखालची किंवा माळ्याखालच्या कोपऱ्यातली एक अखंड काढून पुढे लावा आणि नवी तिथे लपवा.

१२. गच्चीवर चायना मोझॅक

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी हा भाग. पांढरे तुकडे ऊन परतवतात, त्यामुळे खालची खोली कमी तापते. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेतल्या आपल्या 'संगाथ' या कार्यालयाच्या गोलाकार छतांवर हेच तुकडे बसवले, आणि पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांसाठी त्यांनी रचलेल्या 'अमदावाद नी गुफा'च्या घुमटांवरही. आपल्या गच्चीवर निदान उतार तरी सरळ आणायला काय हरकत आहे?

सोसायटीची गच्ची ही सामाईक मालमत्ता आहे. पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, एकट्या वरच्या मजल्यावरच्याने नव्हे. काम काढण्याआधी समितीचा लेखी ठराव घ्या. दुसरं, वजन. चार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा (उतारासाठी स्लॅबवर घालतात तो थर) दर चौरस फुटाला पंधरा किलोच्या वर भार टाकतो. जुन्या कोब्यावरच नवा चढवणारे ठेकेदार भेटतात, आणि इमारत जुनी असेल तर ते धोक्याचं आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

काम दिवाळीनंतर काढा. स्लॅबच्या भेगा भरणं, उतार देत कोबा, त्यावर पाणी साठवून ठेवणं, मग तुकडे, मग सांधे. गच्ची कठड्याला मिळते तिथे गोलाई द्यायची, तिला वाटा म्हणतात, आणि ती कठड्यावर फूटभर चढवायची. बहुतेक गळती याच वाट्यातून किंवा पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी सुरू होते, मधल्या गच्चीतून नव्हे. तुकडे इंच-दीड इंचाचे हवेत, धारदार कोपरे खाली दाबलेले. मे महिन्याच्या उन्हात पाणी न मारता केलेलं काम पहिल्या पावसातच उकलतं.

१३. नंतरची निगा

न्हाणीघर धुवायचं ॲसिड घरातून काढून टाका. सिमेंट ग्राउट आणि मोझॅक लादी दोन्ही ते खातं. लादीतले संगमरवराचे खडे फसफसतात आणि चमक जाते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. अंघोळीनंतर वायपरने भिंत ओढली की क्षारांचा थर चढत नाही. घरात येणाऱ्या ताईंना हे एकदा नीट समजावून सांगा, कारण बाटली कुठली वापरायची हे शेवटी त्याच ठरवतात. कोपऱ्यातलं सिलिकॉन काही वर्षांनी काळं पडतं, ते कापून नवं भरायला अर्धा दिवस पुरतो.

उरलेली शीट टाकून देऊ नका. किमान दोन शीट, ग्राउटच्या रिकाम्या पिशवीचा नंबर असलेला तुकडा आणि बिल, सगळं एका पिशवीत भरून माळ्यावर ठेवा. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा: 'न्हाणीघर, निळी भिंत, फेकू नये'. आमच्याकडे ते लिहिलेलं नव्हतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत पहिली पिशवी भंगारात गेली.